विल्यम रॅम्से

सर विल्यम रॅम्से (२ ऑक्टोबर १८५२ – २३ जुलै १९१६) हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ होते. आरगॉन, निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन या राजवायूंचा शोध त्यांनी सहकाऱ्यांसह लावला. तोवर केवळ सूर्याच्या वर्णपटात दिसलेला हेलियम पृथ्वीवर प्रथम त्यांनीच वेगळा केला. या कार्यामुळे आवर्तसारणीत मूलद्रव्यांच्या एका संपूर्ण नव्या गणाची भर पडली. त्याबद्दल त्यांना १९०४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ होत. द्रव आणि घन पदार्थांच्या बाष्पदाबाचे मोजमाप हा त्यांच्या संशोधनाचा आरंभापासूनचा विषय होता आणि राजवायू वेगळे करण्याच्या कामी तोच उपयोगी पडला. जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी त्यांनी १९००-०१ मध्ये भारताचा दौरा केला व संस्थेसाठी बंगळूरची शिफारस केली.

जन्म आणि शिक्षण

रॅम्से यांचा जन्म ग्लासगो येथे झाला. त्यांचे वडील, त्यांचेही नाव विल्यमच, स्थापत्य अभियंते होते. आईचे नाव कॅथरिन रॉबर्टसन. भूवैज्ञानिक सर अँड्र्यू रॅम्से हे त्यांचे काका. शालेय शिक्षण ग्लासगो अकॅडमीत झाल्यावर १८६६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, त्यांनी ग्लासगो विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे शहराचे रासायनिक विश्लेषक टॅटलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी उमेदवारी केली. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत ट्युबिंगेन येथे गेले आणि रुडॉल्फ फिटिग यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांचा प्रबंध कार्बनी रसायनशास्त्रातील होता. त्यानंतर आठ वर्षे ते ग्लासगोत अध्यापन साहाय्यक म्हणून काम करीत होते.

काचेची नळी तापवून, फुंकून हवे ते उपकरण स्वतः घडवण्यात रॅम्से निष्णात होते. अनेक युरोपीय भाषाही त्यांना अवगत होत्या. पुढे अत्यल्प वायू हाताळताना हे हस्तकौशल्य त्यांना फार उपयोगी पडले.

ब्रिस्टल येथील कार्य : बाष्पदाब

१८८० मध्ये रॅम्से ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी त्या संस्थेचे प्राचार्य. १८८१ मध्ये त्यांचा मार्गारेट ब्यूकॅनन यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये होती.

ब्रिस्टल येथे सिडनी यंग या सहकाऱ्यासह त्यांनी बाष्पदाबावर प्रदीर्घ संशोधन केले. बंद पात्रातील द्रव किंवा घन पदार्थाचे काही रेणू सतत बाष्परूपात निसटत असतात आणि काही परत येत असतात. हे जाणे-येणे समतोल झाले म्हणजे बाष्पाचा जो दाब राहतो, त्याला त्या तापमानाचा बाष्पदाब म्हणतात. घन पदार्थालाही बाष्पदाब असतो, हे पूजेच्या कापरावरून सहज ध्यानात येते. उघड्या डबीत ठेवलेला कापूर न वितळताच हळूहळू कमी होत जातो. या क्रियेला संप्लवन म्हणतात.

एकाच तापमानाला एखाद्या पदार्थाच्या घन व द्रव अवस्थांचा बाष्पदाब सारखाच असतो की वेगळा, हा त्या काळी चर्चेचा प्रश्न होता. उष्मागतिकीच्या सिद्धांतानुसार तो वेगळा असायला हवा होता. परंतु फरक इतका थोडा की प्रयोगाने तो निःसंशय दाखवणे कठीण होते. उदाहरणार्थ, उणे १० अंश सेल्सियसला न गोठलेल्या पाण्याचा बाष्पदाब सुमारे २.१५ मिलिमीटर पारा असतो, तर त्याच तापमानाच्या बर्फाचा सुमारे १.९५ मिलिमीटर. रॅम्से व यंग यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बर्फ, बेंझीन, ॲसेटिक आम्ल, कापूर इत्यादी पदार्थांवरील प्रयोगांनी हा फरक प्रत्यक्ष दाखवून दिला. तापमान आणि बाष्पदाब यांचा आलेख काढला असता वितळण्याच्या जागी वक्रात स्पष्ट खोच पडते, म्हणजे घनाचा आणि द्रवाचा असे दोन स्वतंत्र वक्र तेथे मिळतात.

दोन पदार्थांचे बाष्पदाब ज्या तापमानांना सारखे होतात, त्या निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तरात एक साधा नियमित संबंध असतो, असेही त्यांना आढळले. हा संबंध रॅम्से-यंग नियम म्हणून ओळखला जातो. त्यामुळे एका परिचित पदार्थाच्या आधारे अपरिचित पदार्थाचे बाष्पदाब ताडून पाहता येऊ लागले.

आरगॉनचा शोध

१८८७ मध्ये रॅम्से लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८८ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली.

याच सुमारास भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली वायूंच्या घनता अचूकपणे मोजत होते. हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनचे वजन दर लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम, तर अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनचे सुमारे १.२५१ ग्रॅम भरत होते. हा फरक अर्ध्या टक्क्याइतकाच असला, तरी त्यांच्या मोजमापातील संभाव्य चुकीपेक्षा तो कितीतरी मोठा होता. रॅली यांनी १८९२ मध्ये हे कोडे जाहीरपणे मांडले. १८९४ च्या एप्रिलमधील त्यांच्या व्याख्यानानंतर रॅम्से यांनी त्यांच्या संमतीने हा प्रश्न हाती घेतला.

रॅम्से यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून वारंवार नेला. मॅग्नेशियम नायट्रोजन शोषून घेई आणि उरलेल्या वायूची घनता वाढत जाई. हायड्रोजनच्या तुलनेत १४ पट असलेली घनता शेवटी २० पटीच्या जवळ येऊन स्थिरावली. उरलेल्या वायूच्या वर्णपटात कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या रेषा दिसल्या. हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८५ मध्येच हवेचा असा एक लहानसा अवशेष आढळला होता. पण तो शंभराहून अधिक वर्षे दुर्लक्षित राहिला.

ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथे रॅली व रॅम्से यांनी या शोधाची घोषणा केली आणि ३१ जानेवारी १८९५ रोजी रॉयल सोसायटीपुढे सविस्तर निबंध सादर झाला. कशाशीही संयोग न पावणाऱ्या या वायूला आळशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आरगॉन हे नाव मिळाले. हवेत तो आकारमानाने सुमारे ०.९३ टक्के असतो.

अनेक रसायनशास्त्रज्ञांना हा शोध पटला नाही. हे नायट्रोजनचेच तीन अणूंचे रूप असावे, अशी शंका घेतली गेली. वायूतील ध्वनीच्या वेगावरून आरगॉनचा रेणू एकाच अणूचा आहे असे दिसत होते. तसे मानल्यास त्याचा अणुभार सुमारे ४० येत होता आणि मग पोटॅशियमच्या (३९.१) आधी त्याला आवर्तसारणीत जागा कशी द्यावी, हा पेच उभा राहत होता. मूलद्रव्यांचा क्रम अणुभारावर नव्हे, तर अणुक्रमांकावर ठरतो, हे १९१३ मध्ये मोझली यांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाल्यावर हा पेच सुटला.

हेलियम

आरगॉनची संयुगे शोधताना रॅम्से यांचे लक्ष क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजाकडे वेधले गेले. मार्च १८९५ मध्ये त्यातून निघालेल्या वायूच्या वर्णपटात त्यांना एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. तिची तरंगलांबी सुमारे ५८७.६ नॅनोमीटर असून ती सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. विल्यम क्रूक्स व नॉर्मन लॉकयर यांनी तपासणी करून ही हेलियमचीच रेषा असल्याची खात्री दिली. स्वीडनमध्ये क्लेव्ह व लांगलेट यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच वायू मिळवला.

या रेषेचा इतिहास दख्खनशी जोडलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेला होता. फ्रेंच खगोलज्ञ जानसेन यांनी गुंटूर येथून, तर लेफ्टनंट हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. ग्रहणाविना ही रेषा पाहण्यात त्यांना २० ऑक्टोबर १८६८ रोजी तेथूनच यश आले. अज्ञात मूलद्रव्याला सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून हेलियम हे नाव त्यांनीच दिले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर लॉकयर यांनी १८६८ मध्ये हेलियम शोधला, अशी समजूत प्रचलित आहे. प्रत्यक्षात ते विजयदुर्गला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी आले होते आणि तोवर रॅम्से यांनी हेलियम पृथ्वीवर मिळवून जवळपास तीन वर्षे झाली होती. किल्ल्यावरील साहेबाचे ओटे हे या निरीक्षणाचे स्मारक मानले जातात.

निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन

हेलियम (अणुभार ४) आणि आरगॉन (४०) एकाच गणात येत असतील, तर त्यांच्यामध्ये अणुभार २० च्या आसपास आणखी एक मूलद्रव्य असायला हवे, असे भाकीत रॅम्से यांनी १८९७ मध्ये टोरांटो येथील भाषणात केले. खनिजे, अशनी आणि उष्ण झऱ्यांचे वायू तपासूनही ते मिळाले नाही. तेव्हा ते आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स पुन्हा हवेकडेच वळले. याच सुमारास विल्यम हॅम्पसन यांच्या यंत्रामुळे द्रवरूप हवा मोठ्या प्रमाणात मिळू लागली होती.

३० मे १८९८ रोजी द्रव हवा जवळजवळ संपेपर्यंत उकळू दिल्यावर उरलेल्या अवशेषात अपरिचित पिवळी व हिरवी रेषा दिसली. हा क्रिप्टॉन, म्हणजे दडलेला. जूनमध्ये आरगॉनच्या हलक्या, आधी उडून जाणाऱ्या अंशात लाल-किरमिजी तेजाने झळकणारा निऑन, म्हणजे नवा, सापडला. हे नाव रॅम्से यांच्या लहान मुलाच्या सूचनेवरून सुचले. जुलैमध्ये क्रिप्टॉनच्या अवशेषातून झेनॉन, म्हणजे परका, मिळाला. अवघ्या दीड महिन्यात तीन मूलद्रव्यांची भर पडली.

हवेच्या दहा लाख भागांत निऑन सुमारे १८ भाग, क्रिप्टॉन सुमारे १ भाग आणि झेनॉन एका भागाच्या दशांशाहूनही कमी असतो. त्यामुळे बरीच द्रव हवा आटवल्यानंतर रॅम्से व ट्रॅव्हर्स यांच्या हाती शुद्ध झेनॉनचे काही घन सेंटीमीटर एवढेच येत असत.

गोठलेल्या वायूंचा बाष्पदाब

नवे वायू केवळ वर्णपटात दिसून भागणार नव्हते. ते स्वतंत्र मूलद्रव्ये आहेत हे ठरवण्यासाठी ते शुद्ध करून त्यांची घनता, उत्कलनबिंदू आणि बाष्पदाब मोजणे आवश्यक होते. हे वायू सहसा रसायनांशी संयोग पावत नसल्यामुळे रासायनिक रीतीने ते वेगळे करणे शक्य नव्हते. एकमेकांपासून त्यांचा वेगळेपणा दिसे तो बाष्पदाबातच.

आरगॉनच्या बाबतीत सुरुवात पोलंडमधील क्राकूव्ह येथे झाली. रॅम्से यांनी पाठवलेल्या नमुन्यावरून कारोल ओल्शेव्स्की यांनी १८९५ मध्ये आरगॉन द्रवरूप केला, गोठवला आणि त्याचे निरनिराळ्या तापमानांचे दाब मोजले. त्यांनी काढलेला उत्कलनबिंदू उणे १८७ अंश आणि वितळबिंदू उणे १८९.६ अंश सेल्सियस होता. आजची मूल्ये अनुक्रमे उणे १८५.८ व उणे १८९.३ अंश आहेत.

क्रिप्टॉन आणि झेनॉन द्रव हवेच्या तापमानाला घनरूप होतात. तरीही घन क्रिप्टॉनचा बाष्पदाब त्या तापमानाला जाणवण्याइतका असतो, तर घन झेनॉनचा अगदीच नगण्य. रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनी याच फरकाचा उपयोग केला. मिश्रण द्रव हवेच्या भांड्यात बुडवलेल्या काचेच्या कुपीत गोठवायचे आणि पाऱ्याच्या पंपाने बाष्प खेचून घ्यायचे. क्रिप्टॉन हळूहळू निघून जाई आणि झेनॉन तळाशी राही. हीच क्रिया अनेकदा करून शुद्ध वायू मिळवला जाई. आजच्या मोजमापांनुसार द्रव नायट्रोजनच्या तापमानाला (७७ केल्व्हिन) घन आरगॉनचा बाष्पदाब सुमारे २०० मिलिमीटर पारा, घन क्रिप्टॉनचा दोन मिलिमीटरहून थोडा कमी आणि घन झेनॉनचा एका मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतका असतो. या आकड्यांवरून त्यांची पद्धत का यशस्वी झाली ते कळते.

निऑन व हेलियम वेगळे करण्यासाठी मात्र द्रव हवेचे तापमान पुरेसे नव्हते. तेथे द्रव हायड्रोजन हवा होता. जेम्स देवार यांनी लंडनमध्येच १८९८ साली तो मिळवला होता. पण रॅम्से आणि देवार यांचे संबंध सलोख्याचे नव्हते. अखेर ट्रॅव्हर्स यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात स्वतःच हायड्रोजन द्रवीकरणाचे यंत्र उभारले. द्रव हायड्रोजनच्या सुमारे २० केल्व्हिन तापमानाला निऑन गोठतो आणि हेलियम वायूच राहतो. त्यामुळे पंपाने हेलियम काढून घेता आला.

या कामाचा समग्र वृत्तांत रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनी आरगॉन व त्याच्या सोबती वायूंवरील निबंधात दिला. तो १९०१ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. आरगॉन, क्रिप्टॉन व झेनॉन यांचे निरनिराळ्या तापमानांचे बाष्पदाब त्यात असून ब्रिस्टलच्या काळातील रॅम्से-यंग नियमाने ते परस्परांशी पडताळून पाहिलेले आहेत. त्यांनी दिलेले उत्कलनबिंदू आजच्या मूल्यांपासून एक-दोन अंशांच्या आत आहेत. इतक्या अल्प वायूवर आणि इतक्या नीच तापमानाला केलेल्या मोजमापांत ही अचूकता उल्लेखनीय आहे.

राजवायूंच्या त्रिबिंदूंची (घन, द्रव व बाष्प या तिन्ही अवस्था जेथे एकत्र नांदतात) आजची मूल्ये अशी आहेत :

निऑन : २४.६ केल्व्हिन, ४३ किलोपास्कल
आरगॉन : ८३.८ केल्व्हिन, ६९ किलोपास्कल
क्रिप्टॉन : ११५.८ केल्व्हिन, ७३ किलोपास्कल
झेनॉन : १६१.४ केल्व्हिन, ८२ किलोपास्कल

वातावरणाचा दाब १०१.३ किलोपास्कल असतो. त्याच्याशी तुलना केल्यास हे वायू वितळण्याच्या बिंदूलाच त्याच्या जवळ पोहोचलेले दिसतात. म्हणून त्यांच्या वितळबिंदू व उत्कलनबिंदू यांत तीन-चार अंशांचेच अंतर असते. हेलियमची गोष्ट निराळी आहे. रॅम्से व ट्रॅव्हर्स यांना तो द्रवरूप करता आला नाही. ते काम १० जुलै १९०८ रोजी लायडन येथे कामरलिंग ऑनेस यांनी केले. स्वतःच्या बाष्पदाबाखाली हेलियम गोठतच नाही. तो घनरूप होण्यासाठी सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो आणि हे कीसोम यांनी १९२६ मध्ये साधले.

भारतभेट आणि बंगळूरची संस्था

नागपूरच्या एम्प्रेस मिलचे (१८७७) संस्थापक जमशेटजी टाटा यांनी १८९८ मध्ये भारतात उच्च वैज्ञानिक संशोधनाची संस्था स्थापण्यासाठी मुंबईतील आपल्या ३० लाख रुपयांच्या मालमत्तेचे दान देऊ केले. योजनेची पाहणी करण्यासाठी रॅम्से यांना पाचारण करण्यात आले. १९००-०१ च्या हिवाळ्यात त्यांनी पत्नीसह देशाचा दौरा केला आणि संस्थेसाठी बंगळूरची शिफारस केली. ज्या विषयांतून देशात उद्योग उभे राहू शकतील, त्यांवर त्यांच्या अहवालाचा भर होता. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या सरकारला ही योजना फार खर्चाची वाटली आणि मॅसन व क्लिबर्न यांच्याकडून पुन्हा पाहणी करवण्यात आली. निर्णय लांबत गेला. १९ मे १९०४ रोजी जमशेटजींचे निधन झाले, तोवर संस्था उभी राहिली नव्हती.

म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली, १९०९ मध्ये संस्थेला सरकारी मान्यता मिळाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. हीच आजची भारतीय विज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक होते रॅम्से यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स. ते १९०६ ते १९१४ या काळात त्या पदावर होते.

किरणोत्सर्ग आणि रेडॉन

१९०३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांच्यासह रॅम्से यांनी रेडियमपासून हेलियम सतत निर्माण होतो हे वर्णपटाच्या साहाय्याने दाखवले. एका मूलद्रव्यातून दुसरे मूलद्रव्य उत्पन्न होते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता. १९०४-०५ मध्ये ऑटो हान हे त्यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते.

रेडियममधून निघणारा किरणोत्सर्गी वायू, म्हणजेच आजचा रेडॉन, हा राजवायूंच्या गणातील सहावा सदस्य. व्हिटलॉ-ग्रे यांच्यासह रॅम्से यांनी १९०९ मध्ये तो द्रवरूप करून गोठवला व त्याचे बाष्पदाब मोजले. १९१० मध्ये त्यांनी त्याची घनताही काढली. त्यांच्याजवळचा वायू एका घन मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी होता. तो तोलण्यासाठी खास सूक्ष्म तराजू तयार करावा लागला. वजनावरून अणुभार अपेक्षित २२२ च्या जवळ आला आणि रेडॉनचे राजवायूंतील स्थान निश्चित झाले.

वाद आणि चुका

रॅम्से यांची घोषणा करण्याची घाई कधीकधी त्यांच्या अंगलट आली. १८९८ मध्ये मेटारगॉन नावाचे आणखी एक मूलद्रव्य सापडल्याचे त्यांनी जाहीर केले, पण तो वर्णपट कार्बनयुक्त अशुद्धीचा निघाला. १९०७ मध्ये रेडियमपासून निघणाऱ्या वायूच्या प्रभावाने तांब्याचे लिथियममध्ये रूपांतर होते, असा दावा त्यांनी केला. मारी क्यूरी व एलेन ग्लेडिश यांनी प्लॅटिनमच्या पात्रात तोच प्रयोग केला तेव्हा लिथियम मिळाले नाही. ते काचेतून आलेले होते. जे वायू अत्यल्प प्रमाणात हाताळून रॅम्से यांनी कीर्ती मिळवली, त्याच अत्यल्प प्रमाणाने या ठिकाणी त्यांना चकवले.

सन्मान आणि अखेरची वर्षे

रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक (१८९५), रॅली यांच्यासमवेत स्मिथसोनियन संस्थेचे हॉजकिन्स पारितोषिक (१८९५), सर ही पदवी (१९०२) आणि नोबेल पारितोषिक (१९०४) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॅली यांना मिळाले. १९११ मध्ये रॅम्से ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष होते. निवृत्तीनंतर ते बकिंगहॅमशायरमधील हेझलमीअर येथे राहिले. नाकाच्या कर्करोगाने २३ जुलै १९१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये १९२२ मध्ये त्यांचे स्मृतिचिन्ह बसवण्यात आले.

महत्त्व

राजवायूंच्या घन स्फटिकांतील अणू केवळ अत्यंत क्षीण आकर्षणाने एकत्र राहतात. त्यामुळे अणू-अणूंमधील बलाचा सिद्धांत तपासण्यासाठी हे स्फटिक सर्वांत साधे उदाहरण ठरले. बाष्पदाब तापमानाबरोबर किती वेगाने वाढतो यावरून घनातून एक अणू सुटण्यास लागणारी ऊर्जा काढता येते आणि विसाव्या शतकातील सैद्धांतिक गणिते याच मोजमापांशी ताडून पाहिली गेली. १९९० पासून प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत निऑन व आरगॉन यांचे त्रिबिंदू प्रमाणबिंदू म्हणून स्वीकारलेले आहेत. आरगॉनचा त्रिबिंदू त्यात ८३.८०५८ केल्व्हिन असा ठरवलेला आहे. अत्यल्प पृष्ठफळ मोजण्यासाठी गोठणाऱ्या क्रिप्टॉनच्या नीच बाष्पदाबाचा उपयोग आजही प्रयोगशाळांत केला जातो.